ग्रीस न घेणारी निप्पलं : कुठे कोणतं ग्रीस, किती आणि कसं

ट्रॅक्टर, ट्रॉली, टिपर किंवा ट्रकचं ग्रीसिंग शिकताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक निप्पलं, म्हणजे ग्रीस आत सोडण्यासाठी सांध्यावर बसवलेली छोटी तोंडं, चार पंपांत ग्रीस घेतात, पण दोन-चार अशी असतात की गनचा दांडा जागचा हलत नाही, किंवा हलतो आणि सगळं ग्रीस कपलरच्या (निप्पलाला पकडणाऱ्या गनच्या टोकाच्या) बाजूने बाहेर येतं. घाई असली की ही निप्पलं पुसून पुढे जायचं, असं सर्रास होतं. वाईट हे की किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं), स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकल पिना, पुढच्या आसाची सेंटर पिन (जिच्यावर आस झुलतो), शाफ्टच्या जॉइंटचा चार टोकांचा क्रॉस ही जास्त भार सोसणारी ठिकाणंच सहसा अडतात. तिथे ग्रीस पोचलं नाही की बूश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, आधी कोरडा पडतो, मग गंजतो, आणि शेवटी पिन खाऊन टाकतो.

अशा ठिकाणी ग्रीसची निवड आणि ग्रीस आत जाण्याची वाट, दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. महागडं ग्रीस आत पोचलंच नाही तर काही उपयोग नाही. आणि सहज आत गेलेलं पातळ ग्रीस भाराखाली टिकलं नाही, तर तेही वाया.

आधी हालचाल ओळखा

डबा उघडण्यापूर्वी त्या जागी नेमकं काय हलतंय ते पाहा. पिन आणि बूश एकमेकांवर घासत हळू हलतात की आत सुया, रोलर किंवा गोळ्या फिरतात, हा पहिला प्रश्न. किंगपिन, शॅकल पिन, सेंटर पिन, टिपरच्या हौद्याची बिजागरी पिन, लोडरच्या हातांच्या पिना या सगळ्या घासणाऱ्या जागा. त्या पूर्ण गोल फिरत नाहीत, थोड्याच कोनात पुढेमागे होतात. म्हणून ग्रीसचा थर आपोआप पसरत नाही आणि भार सतत एकाच बाजूवर राहतो. जॉइंटचा क्रॉस, चाकाचं बेअरिंग, रोटाव्हेटरच्या शाफ्टचं बेअरिंग या फिरणाऱ्या जागा.

घासणाऱ्या पिनांसाठी लिथियम ईपी २ ग्रीस (ईपी म्हणजे जास्त दाब सहन करणारं, २ हा घट्टपणाचा नंबर), त्यात सुमारे ३ टक्के मोली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं, ही चांगली निवड आहे. हे काळसर राखाडी दिसतं. भाराखाली तेलाचा थर पिळून निघून गेला तरी मोलीचे पापुद्रे धातूवर राहतात आणि धातू धातूला थेट लागत नाही. पर्याय असेल तर आतलं मूळ तेल जाड असलेलं, म्हणजे आयएसओ व्हीजी (तेलाच्या जाडीचा आकडा) ४६० च्या आसपासचं घ्या. हळू हालचाल आणि मोठा भार असेल तिथे जाड तेल जास्त टिकतं.

क्रॉसमधल्या सुयांच्या बेअरिंगला साधं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ईपी २ चांगलं. मूळ तेल व्हीजी १५० ते २२० पुरेसं आहे. ग्रॅफाइटचं जाडसर ग्रीस तिथे घालू नका. सुया बारीक, जागा अरुंद, आणि घन कण साचले तर सुया फिरण्याऐवजी घसटत जातात.

डब्यावरचं काय वाचायचं

रंग पाहून ग्रीस घेऊ नका. लाल, निळा, हिरवा हा फक्त घातलेला रंग असतो, प्रत्येक कंपनी आपापला निवडते. लाल ग्रीस उष्णतेचं आणि निळं पाण्याचं, असं काही ठरलेलं नाही.

पाहायचा पहिला आकडा एनएलजीआयचा. तो घट्टपणा सांगतो, दर्जा नव्हे. २५ अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंदांत ग्रीसमध्ये किती रुततो यावरून तो ठरतो. २ नंबरात शंकू २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, ३ नंबरात २२ ते २५, १ नंबरात ३१ ते ३४. शून्य आणि दुहेरी शून्य आणखी मऊ, जवळजवळ वाहणारी.

आपल्याकडच्या गॅरेजात एपी ३ (एपी म्हणजे सर्व कामांचं) चा डबा हमखास असतो आणि तोच सगळीकडे वापरला जातो. हे ३ नंबरचं ग्रीस चाकाच्या बेअरिंगमध्ये हाताने भरायला ठीक आहे, पण लांब, बारीक, वळणाच्या वाटेतून ते ढकलणं कठीण जातं. थंडीच्या सकाळी तर फारच. अडणाऱ्या निप्पलांना एपी ३ मारण्याची सवय मोडली, तरी बराच त्रास कमी होतो. बहुतेक निप्पलांना २ नंबर लावा. वाट फारच लांब किंवा अरुंद असेल तर त्याच जातीचं १ नंबर घ्या.

एक चुकीची पद्धत इथेच सांगायला हवी. ग्रीस घट्ट वाटलं की त्यात डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल मिसळून ते पातळ करतात. तसं करू नका. ग्रीसमध्ये तेल धरून ठेवणारी साबणाची जाळी तुटते, तेल वेगळं होऊन वाहून जातं, आणि जुन्या ऑइलमधली काजळी व धातूचे कण थेट बूशात जातात. पातळ हवं असेल तर कमी नंबरचं ग्रीस विकत आणा.

ईपी ही अक्षरं म्हणजे जास्त दाब सहन करणारी रसायनं घातली आहेत. पिनांसाठी ती हवीतच. काही डब्यांवर जर्मन पद्धतीचा संकेत असतो, उदाहरणार्थ केपी२के-२०. यात पहिला के म्हणजे वंगणाचं ग्रीस, पी म्हणजे दाब सहन करणारं, २ हा घट्टपणा, दुसरा के म्हणजे वरची मर्यादा १२० अंश, आणि शेवटचा आकडा म्हणजे उणे २० अंशांपर्यंत चालेल. पी नंतर एफ दिसला तर त्यात मोली किंवा ग्रॅफाइटसारखं घन वंगण आहे.

मग येतो साबणाचा प्रकार. साधं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस स्वस्त असतं आणि पाण्यात टिकतं, पण साधारण १०० अंशांच्या आतच वितळतं. म्हणून थंड आणि हळू हलणाऱ्या जागांपुरतंच ते ठीक. साधं लिथियम साधारण १८० अंशांच्या पुढे वितळतं, लिथियम कॉम्प्लेक्स २६० च्या पुढे. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स उष्णता आणि पाणी दोन्ही सहन करतं. महाग आहे, पण कोकणात, मावळात किंवा पूर्व विदर्भात भाताच्या चिखलणीला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाला आणि रोटाव्हेटरला ते लावण्यासारखं आहे. चिखलाचं पाणी साधं लिथियम हळूहळू धुऊन नेतं. लक्षात ठेवा, वितळण्याचा अंश म्हणजे वापराची मर्यादा नव्हे. ग्रीस त्याच्या बरंच आधी काम सोडतं. साधं लिथियम सतत १२० अंशांच्या वर ठेवू नये.

जातींची मिसळ

जुनं ग्रीस कोणतं होतं माहीत नसताना नवं मारलं की काही जोड्या बिघडतात. लिथियमसोबत बेंटोनाइट मातीचं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर ते एकदम पातळ होऊन गळतं किंवा उलट घट्ट होऊन वाटेतच बसतं. सोडियम साबणाच्या जुन्या ग्रीसचंही लिथियमशी जमत नाही. निप्पल अडण्याचं हे एक लपलेलं कारण आहे. गाडी जुनी घेतली असेल तर पहिल्या वेळी प्रत्येक जागेतून जुनं ग्रीस पूर्ण बाहेर येऊन नव्याचा रंग दिसेपर्यंत मारा, आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा एकदा. त्यानंतर शक्यतो जात बदलू नका. दोन ग्रीस वापरायची असतील तर दोन गन ठेवा आणि त्यांच्यावर रंगाने खूण करा.

गन तपासल्याशिवाय निप्पलाला दोष देऊ नका

दांडा मऊ चालतो पण ग्रीस येत नाही, तर गनमध्ये हवा अडकली आहे. डोकं दीड-दोन आटे सैल करा, मागच्या दांडीने ग्रीस पुढे ढकला, फसफसणं थांबून ग्रीस दिसलं की आवळा. हवा काढायचा छोटा स्क्रू असेल तर तो वापरा. दांडा कडक होतो आणि काहीच जात नाही, तर पुढे अडथळा आहे. हा फरक हाताला कळला की अर्धं निदान झालं.

कपलरच्या बाजूने ग्रीस येत असेल तर त्याचे जबडे झिजले आहेत किंवा तो तिरका बसला आहे. पुढची टोपी थोडी आवळून पाहा. साधा कपलर काढताना सरळ न ओढता थोडा तिरपा करून काढा, म्हणजे आतला दाब सुटतो. अडणाऱ्या निप्पलांसाठी खटक्याचा, स्वतः पकडून ठेवणारा कपलर घेणं शहाणपणाचं. मग एक हात दांड्यावर, दुसरा गनवर. जागा अरुंद असेल तर वाकणारी नळी, ९० अंशांचा अडॅप्टर आणि सुईसारखं टोक हे तीन नग जवळ ठेवा.

इथे सुरक्षेचं एक कळकळीचं सांगणं आहे. हाताच्या गनमधूनही ४०० बारच्या वर दाब तयार होऊ शकतो. फाटलेल्या नळीतून किंवा कपलरमधून निघालेली बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आतले पेशीजाल मरायला लागतात. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि दाबाने ग्रीस आत गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दाब असताना नळी हातात धरू नका, गळती बोटाने शोधू नका.

अडलेलं निप्पल सोडवायचा क्रम

१. इंजिन बंद, चावी काढलेली, चाकांना अडणी. ट्रॅक्टर असेल तर पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) सोडलेला आणि अवजार जमिनीवर टेकवलेलं.

२. निप्पलाचं तोंड चिंधीने पुसा. वरून रंग बसला असेल तर टोकदार तारेने खरवडा. मधली गोळी खिळ्याच्या टोकाने दाबून पाहा. ती आत जाऊन परत वर यायला हवी. धुळीचा कण आत ढकलला गेला तर तो थेट बूशात जातो, म्हणून हे पुसणं टाळू नका.

३. दांडा कडक लागला की जोर वाढवण्याआधी भार हलवा. चाक डावी-उजवीकडे वळवा, पिन असेल तर जॅकने भार काढा, मग पुन्हा दोन पंप.

४. तरी नाही गेलं तर निप्पल काढा. सरळ निप्पलाला बहुधा ७, ९ किंवा ११ चा पाना लागतो. काढलेलं निप्पल गनला लावून पंप मारा. त्यातून ग्रीस येत नसेल तर निप्पलच बंद आहे. नवं लावा, काही रुपयांचा प्रश्न आहे. निप्पलातून ग्रीस येत असेल तर अडथळा आत आहे.

५. आतल्या भोकात घट्ट झालेलं ग्रीस बारीक ड्रिलच्या पात्याने हाताने फिरवून काढा, मशिनने नको. मग गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल घाला आणि शक्य असेल तर रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी निप्पल लावून पंप मारा आणि पिन हलवत राहा.

६. हट्टी अडथळ्यासाठी हातोडीने ठोकायचं हत्यार मिळतं. त्यात तेल भरून ते निप्पलावर ठेवायचं आणि हातोडी मारायची. तेलाचा क्षणिक दाब घट्ट ग्रीस फोडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

७. गरम करायचं असेल तर गरम हवेची गन वापरा. वेल्डिंगची ज्योत नको. सील, रबरी बूट, ब्रेकच्या नळ्या जळतात, आणि बंद जागेतलं तेल पेट घेऊ शकतं.

८. वाट मोकळी झाली की आत गेलेलं डिझेल किंवा तेल पूर्ण बाहेर काढेपर्यंत ग्रीस मारा. हे विसरलं तर बूश तेलाने धुतलेला राहतो आणि नवं ग्रीसही सैल पडतं.

नवं निप्पल निवडताना आट्यांकडे नीट पाहा. एम१०×१ आणि १/८ बीएसपी दिसायला जवळजवळ सारखे. एकाची बाहेरची जाडी १० मिलिमीटर, दुसऱ्याची ९.७३, आणि आट्यांमधलं अंतर वेगळं. चुकीचं निप्पल दोन आटे जातं आणि मग अडतं. तिथे पाना मारून जबरदस्ती केली की आसातले आटे जातात. हाताने किमान तीन-चार आटे सहज गेले तरच पाना लावा.

ठिकाणानुसार

किंगपिन. वरचं आणि खालचं अशी दोन निप्पलं. आधी गाडीचं मॅन्युअल पाहा, कारण काही उत्पादक चाक जमिनीवर ठेवूनच ग्रीस मारायला सांगतात. भार असताना खालच्या थ्रस्ट बेअरिंगकडून जुनं ग्रीस बाहेर येत नसेल आणि मॅन्युअलची मनाई नसेल, तर आस जॅकवर उचलून, खाली घोडी लावून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत पुन्हा मारा. गंजाचा तपकिरी रंग आला तर नव्याचा रंग येईपर्यंत थांबू नका.

पाट्यांच्या पिना आणि शॅकल. गाडीचा भार पिनेला बूशाच्या एका बाजूला दाबून धरतो आणि ग्रीस फक्त मोकळ्या बाजूने निघून जातं. झिजणारी बाजू मात्र कोरडीच राहते. चासीखाली जॅक लावून पाट्यांवरचा भार कमी केला की ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. ट्रॅक्टरच्या सेंटर पिनेलाही हेच लागू. पुढचा भाग उचलून आस लटकता ठेवायचा, हाताने थोडा झुलवायचा आणि मग मारायचं.

जॉइंटचा क्रॉस. इथे एकच कसोटी आहे : चारही टोप्यांच्या सीलमधून ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तीनमधून आलं तर काम झालेलं नाही, चौथी टोपी कोरडी जळते आणि तिथूनच क्रॉस तुटतो. अडलेल्या टोपीसाठी शाफ्ट चारही दिशांना दाबत पंप मारा. तरी नाही आलं तर त्या टोपीचे बोल्ट थोडे सैल करा, ग्रीस मारा, आणि कंपनीने दिलेल्या ताणाने पुन्हा आवळा. बाहेर येणारं ग्रीस लालसर, खरखरीत किंवा जळकट असेल तर ग्रीसने काही होणार नाही, क्रॉस बदला. नवा क्रॉस बसवताना निप्पलाचं तोंड गन पोचेल अशा बाजूला, शाफ्टवरच्या निप्पलाच्या रेषेत ठेवा. हे चुकलं की पुढे दर वेळी शाफ्ट उतरवायची पाळी येते.

शाफ्टचा सरकता सांधा. ग्रीस मारत राहा, टोकाच्या झाकणावरच्या बारीक भोकातून ते दिसलं की भोकावर बोट ठेवा आणि सीलकडून ग्रीस येईपर्यंत सावकाश चालू ठेवा. आधीच थांबलात तर अर्धा सांधा कोरडा राहतो.

रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट. निप्पल प्लॅस्टिकच्या संरक्षक नळीत लपलेलं असतं. नळीवरचं भोक निप्पलासमोर येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवा. नळी काढून फेकून देऊ नका, शाफ्टला कपडा गुंडाळला जाऊन हात-पाय गमावण्याचे प्रकार त्यातूनच घडतात. क्रॉसला साधारण ८ ते १० तासांच्या कामानंतर ग्रीस लागतं.

ब्रेकचा कॅमशाफ्ट. इथे ग्रीस कमी आणि जपून. ते स्लॅक ॲडजस्टरच्या (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या बाहेरच्या दांड्याच्या) बाजूने बाहेर यायला हवं. ड्रमच्या बाजूने येत असेल तर आतलं सील गेलं आहे, ताबडतोब थांबा. लायनिंगला ग्रीस लागलं की ब्रेक लागत नाही. उष्णतेमुळे इथे लिथियम कॉम्प्लेक्स योग्य.

टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा. रबरी बूट किंचित फुगला की पुरे. फाटला तर धूळ आत शिरते आणि सांधा काही दिवसांतच वाजायला लागतो.

एकाच टाकीतून सगळीकडे ग्रीस पुरवणारी स्वयंचलित यंत्रणा असेल तर कंपनीने सांगितलेलंच, बहुधा शून्य किंवा दुहेरी शून्य नंबरचं ग्रीस घाला. त्यात २ किंवा ३ नंबर भरलं की वाटप करणारे ब्लॉक अडतात.

किती मारायचं

घासणाऱ्या पिनांना जास्त ग्रीसने नुकसान होत नाही. बाहेर आलेलं ग्रीस धूळ-चिखल अडवतं, फक्त वरचा ढीग पुसून टाका. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगचं मात्र उलटं. जास्त झालं की ग्रीस घुसळलं जातं, बेअरिंग तापतं, सील बाहेर येतं. मळणी यंत्राच्या बेअरिंग ब्लॉकमध्ये असं वरचेवर घडतं. तिथे साधं सूत्र वापरा : बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणा, आणि त्याला ०.००५ ने गुणा, उत्तर ग्रॅममध्ये येतं. ६३०८ बेअरिंगचा व्यास ९० आणि रुंदी २३, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. तुमची गन एका पंपाला किती देते ते आधी मोजून ठेवा. कागदावर २० पंप मारा, काट्यावर वजन करा, २० ने भागा. हाताच्या गन बहुधा १ ग्रॅमच्या आसपास देतात, पण प्रत्येकीचा आकडा वेगळा.

अंतर मॅन्युअलमधलं धरा, पण चिखल, ऊस वाहतूक आणि पाण्याने धुणं असेल तर ते कमी करा. गाळप हंगामात ट्रॉलीची जोडणी आणि पुढचा आस रोज पाहण्यासारखे असतात. गाडी दाबाच्या पाण्याने धुतली तर त्याच दिवशी ग्रीस मारा, सीलमागे शिरलेलं पाणी बाहेर निघतं. शक्य असेल तेव्हा कामावरून आल्यावर, सांधे गरम असताना मारा, सकाळी थंड असताना नको.

सगळं करूनही एखादं निप्पल अडलेलंच राहिलं तर जोर वाढवणं थांबवा आणि पिन काढा. पुष्कळदा नवा बूश ठोकताना त्याचं भोक निप्पलाच्या भोकासमोर आलेलं नसतं, आणि मग कितीही चांगलं ग्रीस आत जाणार नाही. बूश काढून भोकं जुळवा, आतली खाच हाताने ग्रीसने भरा, पिन बसवा आणि भार देण्याआधी गनने दोन्ही टोकांकडून ग्रीस येतंय का ते पाहा. दोन-तीन तास काम झाल्यावर त्याच निप्पलाला पुन्हा पंप मारा. दांडा मऊ गेला आणि जुन्या जागेवरून स्वच्छ ग्रीस आलं, तर ते ठिकाण नेहमीच्या वेळापत्रकात घ्यायला हरकत नाही.